मागं सरका, मागं जागा हाय

लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात मी रेशन दुकानापुढं फक्कीचे चाळीस गोल काढले, आणि ते सगळे एकमेकांना खेटून काढले.

चूक माझी एकट्याची. मी सेनगावच्या शाळेत चित्रकला शिकवतो. शाळा बंद होती, आणि गोल काढायला चित्रकलेच्या मास्तरापेक्षा लायक माणूस तालुक्यात कोण, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मला पांढऱ्या फक्कीचं पोतं दिलं आणि सांगितलं, "सर, लोकं लांब लांब उभे राहिले पायजेत." आता दुकानापुढं झाड एकच, लिंबाचं. चाळीस माणसं उन्हात उभी करण्यापेक्षा चाळीस गोल सावलीत बसवावेत, असा विचार मी केला. बसवले. प्रत्येक गोल कंपासनं काढल्यासारखा. मागं जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं. ऑलिम्पिकच्या झेंड्यानं मान खाली घालावी अशी रांग दिसत होती.

तेवढ्यात पाठीमागून टिक्-टिक् असा आवाज आला. आमच्या समोरच्या घरात राहणारे कंडक्टर उभे होते. तोंडाला दस्ती बांधलेली, हातात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा.

"सर, हे काय काढलं?"

"गोल. सोशल डिस्टन्सिंग."

त्यांनी पहिल्या गोलापासून शेवटच्या गोलापर्यंत नजर फिरवली. "ही तर फुल्ल शिटिंग झाली," ते म्हणाले. "वरून अकरा उभे बी घ्यायचे का?"

मग घरून खराटा आणून त्यांनी माझी कलाकृती झाडून काढली आणि सुतळीनं मोजून नवे गोल आखले. ते वाकडे होते. पण एका गोलातून दुसऱ्या गोलातल्या माणसाला ओरडल्याशिवाय काही सांगता येत नव्हतं. रांग लिंबाच्या सावलीतून निघाली ती थेट पिठाच्या गिरणीपर्यंत गेली.

त्यांना गल्लीत नावानं कोणी हाक मारत नसे. मोठ्यांना ते कंडक्टर, लेकरांना कंडक्टर आजोबा. छत्तीस वर्षं एसटीत काढली. हिंगोली, रिसोड, कळमनुरी, आखाडा बाळापूर, पुसेगाव, या भागातला कोणता खड्डा कोणत्या पुलाच्या अलीकडं आहे हे त्यांना झोपेत विचारा. आणि छत्तीस वर्षं त्यांच्या तोंडात एकच वाक्य होतं. तुम्हीही ते कुठल्या ना कुठल्या गाडीत ऐकलं असेल, "पुढं सरका, पुढं जागा हाय." पुढं जागा नसायची. ड्रायव्हरच्या मांडीवर बसायचं तेवढं बाकी असायचं. तरी हे मागच्या दारातून चिमटा दांडीवर वाजवत तेच सांगायचे आणि माणसं कशी कोण जाणे सरकायची. मी स्वतः त्यांच्या गाडीत एका पायावर हिंगोली गाठलेली आहे.

त्या माणसानं रिटायर झाल्यावर, या लॉकडाऊनमधी, एकदम उलटं वाक्य धरलं. भाजीची गाडी आली की हे ओट्यावरून सांगायचे, "मागं सरका, मागं जागा हाय." आणि या वेळी जागा खरंच असायची.

चिमट्याचीही एक गोष्ट आहे. नोकरीतला चिमटा तिकिटाचं मशीन आल्यावर जमा करावा लागला. रिटायर झाल्यावर हात रिकामा रिकामा वाटायला लागला म्हणून त्यांनी हिंगोलीच्या भंगारवाल्याकडून तसलाच एक विकत आणला. बायको वारली होती. मुलगा पुण्याला. घरात हे आणि तो चिमटा.

आमच्या गल्लीत बारा घरं. सहा इकडं, सहा तिकडं, मधी चौदा फुटांचा रस्ता. लॉकडाऊन लागला त्या आठवड्यातच कंडक्टरांनी एक रीत पाडली. दिवेलागणीच्या आधी ते रस्त्याच्या बरोबर मधून चालत यायचे. प्रत्येक घरापुढं थांबायचे, कुणाच्या फाटकाला हात लावायचे नाहीत.

"किती?"

"पाच."

"बराबर?"

"बराबर."

पाच वेळा टिक्. पुढचं घर. पहिल्या दिवशी सगळी गल्ली मोजून झाली तेव्हा ते माझ्या घरापुढं आले ते हसतच. दस्तीमुळं तोंड दिसत नव्हतं, पण डोळे हसत होते.

"सर, मला धरून पंचावन्न. बसून चव्वेचाळीस, उभे अकरा. येक मानूस कमी न्हाई, येक जास्ती न्हाई. गाडी फुल्ल."

"मग आता घ्या डबल बेल," मी म्हणालो.

"अजून कशाची बेल. पोचल्यावर उतरवून घ्यायचे सगळे. कंडक्टर शेवटी उतरत असतो."

त्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या अकरा वर्षांच्या शेजारात बोललो नव्हतो. ते त्यांच्या ओट्यावर, मी माझ्या ओट्यावर, दोघांच्या हातात आपापल्या घरचा चहा. चौदा फुटांवरून बोलायचं म्हणजे गुपित काही राहत नाही. त्यांची शुगर किती, माझ्या बायकोनं मला सकाळी काय म्हटलं, हे बारा घरांना कळायचं. पण मजा यायची. एप्रिलात जयंती आली. दरवर्षी गल्लीच्या तोंडावरून मिरवणूक निघायची, निळ्या झेंड्यांनी रस्ता भरून जायचा. त्या वर्षी कंडक्टरांनी पांढरा शर्ट घातला, ओट्यावर खुर्ची ठेवून तिच्यावर तसबीर मांडली, मेणबत्ती लावली आणि एकट्यानं वंदना घेतली. आम्ही सगळे आपापल्या ओट्यांवर उभे राहिलो. एकाच माणसाचा आवाज रिकाम्या रस्त्यावर. कधी थोडा चढायचा, कधी पडायचा. मग त्यांनी खिरीच्या अकरा वाट्या अकरा फाटकांवर ठेवल्या आणि मागं होऊन सांगितलं, "घ्या. मी लांब झालोय."

आता नियम कसे ढिले होतात ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलंच आहे, मी नव्यानं काय सांगणार. मास्क नाकावरून हनुवटीवर आला, हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून दाराच्या खुंटीवर. रेशनच्या रांगेत मे महिन्यात लोकांनी एक युक्ती काढली. गोलात चप्पल ठेवायची, आणि स्वतः जाऊन लिंबाखाली बसायचं. चाळीस गोलांत चाळीस जोड नियम पाळून उन्हात उभे, आणि माणसं सावलीत एकमेकांच्या मांडीला मांडी लावून तंबाखू मळतायत.

कंडक्टर चपलांच्या रांगेतून चिमटा वाजवत फिरले. "चपलांना कोरोना व्हायचा धोका जास्ती हाय, व्हय?"

"ऊन लई हाय, कंडक्टर," एक जण म्हणाला. चांगला बारा एकरांचा धनी होता. "दुरून दुरून कवर उभं ऱ्हावं माणसानं? जीव उबगला."

"आमच्या आज्यानं सारा जलम दुरून उभं ऱ्हाऊन काढला," कंडक्टर शांतपणे म्हणाले. "तुमाला दोन महिने न्हाई निघून राहिले?"

 दोन-तीन माणसं उठून आपापल्या चपलांत जाऊन उभी राहिली. पण ते त्या दिवसापुरतं.

पावसाळा लागला आणि संध्याकाळची मोजणीही पातळ व्हायला लागली. "किती?" म्हटलं की आतून उत्तर यायचं, "काल होते तेवढेच." एका घरातल्या लेकरांनी "एकशे दहा" म्हणून सांगितलं आणि आतल्या आत हसत सुटली. एका घरानं तर टीव्हीचा आवाज मोठा केला. कंडक्टर थोडा वेळ थांबायचे, खिडकीतून दिसतील तेवढी डोकी मोजायचे आणि पुढं निघायचे.

मी काय करत होतो, असं तुम्ही विचाराल. मी पत्ते खेळत होतो. गल्लीच्या तोंडावर पारावर चौघांचा डाव बसायचा, आणि पत्ते काही चौदा फुटांवरून वाटता येत नाहीत. पहिल्या दिवशी मी कंडक्टरांना सांगितलं की पोस्टात जाऊन येतो. तिसऱ्या दिवशी सांगितलंच नाही. ते आपल्या ओट्यावर चहा घेऊन बसलेले असायचे, समोर माझा ओटा रिकामा. परत येताना मी लांबून हात करायचो. तेही करायचे. एकदा म्हणाले, "पोस्टात लई गर्दी ऱ्हाते काय हल्ली?" मी म्हणालो, "हो, लई." अशा वेळी माझ्या तोंडून हटकून खोटंच निघतं आणि तेही न पटणारं.

मग अधिक महिना आला.

माझी मुलगी आखाडा बाळापूरला दिलेली. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आता हे तीन वर्षांतून एकदा येणारं, चुकवून कसं चालेल? बायको म्हणाली, "त्या दोघांलाच बोलवा. आपण चार माणसं खाऊ." मीही तेच म्हणालो. फक्त जावयाच्या आई-वडिलांना टाळणं बरं दिसलं नसतं. ते येतात म्हटल्यावर आमची भावकी रुसली असती. भावकीला सांगितल्यावर पत्त्याच्या डावातल्या तिघांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि ते आमच्या गल्लीतले, म्हणजे गल्लीला. मी मात्र सगळे नियम पाळले. दारात पाटावर सॅनिटायझरची बाटली ठेवली. ती पहिल्या दहा माणसांतच संपली. मग पुतण्यानं तिच्यात पाणी भरलं, आणि लोक श्रद्धेनं हातावर घेत राहिले.

कंडक्टरांना मी स्वतः सांगायला गेलो होतो. ते ओट्यावरूनच म्हणाले, "येत न्हाई सर. राग मानू नका. वहिनीला म्हणाव, येक ताट फाटकावर ठेवा, मी घेऊन जाईन."

पंगत बसली. जावई मधोमध पाटावर, घाम पुसत. मी अनारशांचं ताट घेऊन वाढत होतो आणि कौतुकानं फुगलो होतो. तेवढ्यात बाहेरून टिक्-टिक् सुरू झालं. फाटकाबाहेर रस्त्यात उभं राहून कंडक्टर मोजत होते. व्हरांड्यातली पंगत, अंगणातली पंगत, चुलवणाजवळच्या बायका. पंगतीतल्या कुणीतरी गंमत म्हणून विचारलं, "किती झाले हो?"

"एकाहत्तर," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडं बघून, "सर, ही गाडी कुठं घेऊन चालले तुमी?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. व्याही पाहत होते, जावई पाहत होता. चार माणसांसमोर माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी अनारशांचं ताट तसंच धरून म्हणालो, "कंडक्टर, ड्युटी कवाच संपली तुमची. घरी मोजायला कोणी न्हाई, म्हणून आमाला मोजत फिरता व्हय?"

पंगत खदखदून हसली. एकाला तर ठसका लागला.

कंडक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी चिमटा खिशात घातला. "बराबर हाय," म्हणाले, आणि रस्ता ओलांडून घरात गेले.

बायकोनं ताट वाढलं आणि स्वतः घेऊन गेली. परत आली तेव्हा मी विचारलं, "घेतलं का?"

"घेतलं. पुरण चांगलं झालं म्हणले."

"आन् माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल काहून म्हणतील?"

त्या संध्याकाळी मोजणी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गंमत अशी की गल्लीतल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, आणि आलं असेल तर बरंच वाटलं असेल. कंडक्टर ओट्यावर बसायचे, पण खुर्ची फिरवून, भिंतीकडं तोंड करून. मी दोनदा खाकरलो. दोन्ही वेळा मला खराच खोकला असल्यासारखं दाखवावं लागलं.

सहाव्या दिवशी खरा खोकला आला. मग ताप. तपासणी केली, तर मीही आणि बायकोही. बाळापूरची मंडळी सुटली, हे नशीब. दारावर कागद चिकटवून गेले, घराबाहेर पडायचं नाही म्हणून.

आता ऐका. ज्या एकाहत्तर जणांना अंतर ठेवणं सहा महिन्यांत जमलं नव्हतं, त्यांना ते एका दुपारीत जमलं. माझा पत्त्यातला भिडू समोरच्या भिंतीला घासून, श्वास धरून आमच्या घरावरून जायचा. दूधवाल्यानं फोन बंद केला. भाजीची गाडी मागच्या गल्लीतून वळायला लागली. तीन घरं सोडून राहणारा माणूस व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र पाठवायचा. आमच्या घरापुढं दिवसभर कुणाचं पाऊल वाजायचं नाही. अंगणात पंगतीच्या दोन पत्रावळी वाऱ्यानं इकडून तिकडं जायच्या. त्या गोळा करायची ताकद माझ्यात नव्हती. मी खिडकीतून त्यांच्याकडं बघत पडून राहायचो.

पहिल्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, फाटकाशी आवाज आला.

"हाईत का, सर?"

मी खिडकीशी गेलो. घसा बसलेला. "हाव."

"वहिनी?"

"हाव."

दोन वेळा टिक्. फाटकाच्या खांबावर त्यांनी डबा ठेवला होता आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे होते. मी डबा उचलून आत आणेपर्यंत ते हलले नाहीत. मग मोजायला बाकी काही नसल्यासारखे परत फिरले. गल्लीतलं दुसरं एकही घर त्यांनी मोजलं नाही, फक्त आमचं.

डब्यात भाकरी आणि मुगाची आमटी. भाकरीचा आकार असा, की तिच्यावर तालुक्यांची नावं लिहिली असती तर जिल्ह्याचा नकाशा झाला असता. चवीचं मी सांगू शकत नाही, माझी चव गेली होती. बायकोची गेली नव्हती. ती दोन घास खाऊन म्हणाली, "तुमी नशीबवान." आणि तरी दोघांनी डबा पुसून खाल्ला.

रोज. सतरा दिवस. एका दुपारी बायकोला धाप लागली. बोटाला लावायचं ते यंत्र त्यांनीच दवाखान्याच्या आशाताईंकडून मागून आणून फाटकावर ठेवलं होतं. आकडा नव्वदच्या आसपास लटपटत होता. मी खिडकीतून ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "पालथं झोपवा. मोठा मोठा श्वास घ्यायला सांगा. गाडी सांगून ठिवलेली हाय मी, घाबरू नका." बाहेर पाऊस भुरभुरत होता. ते छत्री घेऊन रस्त्यात उभे राहिले. दर पाच मिनिटांनी विचारायचे, "किती?" मी सांगायचो, "ब्याण्णव." पुन्हा, "किती?" "त्र्याण्णव." तास-सव्वा तासानं पंच्याण्णव झाला. "बराबर?" त्यांनी विचारलं. "बराबर," मी म्हणालो. तेव्हा ते घरी गेले. त्यांच्या चपला जिथं होत्या तेवढी जागा कोरडी राहिली होती, ती हळूहळू भिजत गेली, मी पाहत होतो.

त्या सतरा दिवसांत रोज मी ठरवायचो, आज माफी मागायची. वाक्य तयार असायचं. पण चौदा फुटांवरून माफी मागायची म्हणजे ती ओरडून मागावी लागते, आणि बारा घरांना ऐकू जाते. टोमणा मी एकाहत्तर माणसांसमोर मारला होता. माफी मला कानात मागायची होती. आमचं बरं झाल्यावर, कागद निघाल्यावर, समोर जाऊन नीट बोलू, असं म्हणून मी ते रोज उद्यावर ढकललं.

कागद निघाला. मी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, ओट्यापर्यंत आलो. समोर कंडक्टर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि मान हलवली. आणि मला काय वाटलं कोण जाणे, रस्ता ओलांडून त्यांच्यापुढं उभं राहायचं धैर्यच झालं नाही. मी म्हटलं, त्याहून चांगलं काहीतरी करू. घरात आलो. आजारी पडल्यावर पहिल्याच डब्यासोबत त्यांनी एक चिठ्ठी पाठवली होती, 'मी फोन उचलला नाही तर या नंबरवर लावा'. तो त्यांच्या मुलाचा नंबर होता. मी पुण्याला फोन लावला.

आणि मी जे बोललो ते आजही जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, तुमचे वडील म्हणजे देवमाणूस. आख्ख्या गल्लीनं पाठ फिरवली, पण पॉझिटिव्ह घराच्या दारात रोज न चुकता आले ते एकटे. सतरा दिवस. पावसात उभे राहिले. असा बाप नशिबानं मिळतो.

पलीकडं बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, मुलाचा कंठ दाटून आला.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज," मी अभिमानानं सांगितलं.

"शुगर आहे त्यांना. माहितीये ना तुम्हाला?"

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पांढरी गाडी आली. मुलगा मास्क आणि वरून काचेची ढाल लावून उतरला, माझ्याकडं न बघता आत गेला. अर्ध्या तासात बाहेर एक पेटी आणि दोन पिशव्या आल्या. कंडक्टर कुलूप लावत होते तेव्हा मी रस्त्याच्या अलीकडच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

"सर, पोराला काय सांगितलं तुमी?"

"तारीफ केली तुमची."

"व्हय." त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. "तुमी तारीफ केली, त्याला ती तक्रार ऐकू आली. पोरगं बिचारं रातभर गाडी चालवत आलं."

"परत कवा येणार?"

"न्हाई येऊ देणार तो आता." मग मागच्या सीटवर बसता बसता थांबले आणि म्हणाले, "येवढं काहून भरून सांगायचं, सर? थोडं सांगायचं असतं."

मी "कंडक्टर, त्या दिवशी पंगतीत" इथवर आलो, तोवर मुलानं काच वर केली. गाडी गल्लीच्या तोंडाशी हळू झाली, खड्डा चुकवला आणि वळली.

पुण्यातून त्यांचे फोन यायचे. म्हणजे मी करायचो, ते उचलायचे. सातव्या मजल्यावर राहत होते. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात म्हणाले. मी विचारलं, "तिथं पाळतात का अंतर?"

"लई चांगलं पाळतात. कोरोना नव्हता तवापासून पाळत असतील." मग म्हणाले, "लिफ्टमधी चार जण ऱ्हातात, सर. कोणी कोणाला इचारत न्हाई, कुठं उतरायचं. मला तकलीफ व्हते. मी इचारलं येकाला, तर पोरगं म्हणलं, बाबा, असं इचारू नका."

दुसऱ्या एका फोनवर मी हिंमत केली. "कंडक्टर, धोंड्याच्या जेवणाला मी जे बोललो ना, ते..."

"हॅलो," ते म्हणाले. "हॅलो, सर. आवाज कट होऊन राहिला."

"मी म्हणत होतो की त्या दिवशी..."

"न्हाई येऊन राहिला आवाज. वहिनीला नमस्कार सांगा."

फोन ठेवला. मला आजवर कळलेलं नाही की आवाज खरंच गेला होता, की त्यांनी मला सोडवलं, की मला तसंच लटकत ठेवायचं होतं. नंतरच्या फोनवर मी तो विषय काढला नाही. हवापाणी, शुगर, सोयाबीन कसं आलं, एवढंच.

इकडं सगळं पहिल्यासारखं झालं. शाळा उघडली, आठवडी बाजार भरला, गाड्या भरून जायला लागल्या. कंडक्टरांचा ओटा पूर्वेकडं तोंड करून आहे, संध्याकाळी सावलीचा. त्याच्यावर आता सात-आठ जण खांद्याला खांदा लावून बसतात. मीही बसतो. एक जण उठला की दुसरा तिथं टेकतो, आणि कुलपाला पाठ लागली की ते खडखडतं. कुणी आलं नाही एखाद्या दिवशी, तर चौकशी होत नाही. मला वाटतं, लागली असेल पोस्टात गर्दी, म्हणून उशीर.

मागच्या थंडीत त्यांच्या मुलाचा फोन आला. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, ते उठलेच नाहीत. त्रास काही नव्हता. सगळं उरकूनच कळवतोय, म्हणाला. मग म्हणाला, "तुमचा नंबर त्यांनी भिंतीवर लिहून ठेवला होता. म्हणून केला."

मी फोन ठेवला आणि ओसरीत येऊन बसलो. बायको सुपात तुरीची डाळ निवडत होती. तिला सांगितलं. तिचे हात थांबले, आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू झाले. डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच सुपाच्या कडेवर पडत होतं.

मी म्हणालो, "त्यांची माफी मागायची राहून गेली गं. प्रयत्न केला मी, पण तेव्हा नेमकं ते नेटवर्क..."

"नेटवर्कला काहून नावं ठेवता," ती म्हणाली. "नुसता रस्ता ओलांडायचा व्हता. तुमी पुण्याला फोन लावला."